लक्ष्मण उठेपर्यंत पोथी बांधायची नाय

आमचे बहिरूतात्या गेले त्याला आता महिना होईल. नाशिकशेजारच्या मखमलाबादला कोणी भेटायला आलं की रडता रडता हसायलाच लागतं, कारण ज्याला त्याला तात्यांनी सांगितलेलं रामायण आठवतं. तात्यांचा राम म्हणजे आपल्यातलाच. पंचवटीला राहायचा, गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी चढलं की सीतामाईला धुण्याला जाऊ नको म्हणायचा. आन रावण आला तो त्र्यंबकच्या रस्त्यानं. कशावरून, असं कोणी विचारलं की तात्या म्हणायचे, "मग दुसरा रस्ता होता का तवा?"

श्रावणात मारुतीच्या देवळात दुपारची पोथी लागायची, सगळे मार्केटला फुलं देऊन आले की. पोथीला दोन माणसं लागतात, एक ओवी वाचणार, दुसरा तिचा अर्थ सांगणार. अर्थ तात्यांकडं. वाचायला त्यांचा धाकटा भाऊ, यादवअण्णा. आन ह्या दोघांचं बोलणं बंद! विहीर सामाईक, मोटार एकच, पाण्याच्या पाळीवरून वाजलं आन अण्णांचा झेंडू वाळून गेला. घरी एकमेकांचं तोंड बघत नव्हते, देवळात मात्र मांडीला मांडी लावून बसायचे. तात्यांचा जीव भावासाठी तुटायचा, पण आधी बोलणार कोण? म्हणून ते अर्थातून बोलायचे. "राम म्हणला, लक्ष्मणा, मोठ्यानं घेतलं असंल थोडं पाणी जास्ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" अण्णा लगेच पुढची ओवी जोरात वाचायचे.

ते साल सत्त्याण्णव का अठ्ठ्याण्णव. पोथीत युद्ध लागलं, लक्ष्मणाला शक्ती लागली, पडला बेशुद्ध. आता आमच्याकडं रीत हाय, लक्ष्मणाला पडलेला ठेवून पोथी बांधायची नाय आन कोणी घरी जायचं नाय. आन तिथंच तात्यांना काय अवदसा आठवली, म्हणले, "का पडला? मोठ्याचं ऐकलं नाय म्हणून पडला!"

अण्णांनी चष्मा काढला, खिशात घातला आन चालते झाले.

झालं! लक्ष्मण पडलेला आन सगळी आळी देवळात अडकलेली. कॉलेजातल्या महेशला वाचायला बसवलं, तर तो स्टँडवर गाड्या पुकारतात तसं वाचायला लागला. शेजारची लंकाबाई म्हणली, "आरं, ह्याच्यानं होता तेवढा जीव पण जाईल लक्ष्मणाचा! तात्या, माझी म्हैस दारात वरडत असंल, उठवा त्याला!"

महेशला अण्णांकडं पिटाळलं. तो निरोप घेऊन आला, "ज्यानं पाडलं त्यानं यावं."

तात्या जागचे हलले नाय. तवा बायकांतून शकुकाकू, म्हणजे तात्यांची मालकीण, बोलली, "अहो, त्या मारुतीनं अख्खा डोंगर उचलून आणला. तुम्हाला गल्ली वलांडायला होईना व्हय?"

तात्या उठले. अण्णा आपल्या वट्यावर बसलेले, हातात चहा, पण प्यायलेला नाय.

"यादव, लक्ष्मण पडलाय."

"पडू दे. मोठ्याचं ऐकलं नाय ना त्यानं."

"ते मी पदरचं घातलं. पोथीत नाय तसं."

"मग काय हाय पोथीत?"

तात्यांनी भिंतीकडं बघितलं. "मोठा रडतोय."

अण्णांनी कप खाली ठेवला. म्हणले, "आन मोटार?"

"सकाळची पाळी तू घे."

"दादा, सकाळी लाईट कुठं असती?"

"मग संध्याकाळची घे बाबा! दोन्ही घे! पण चल, लोकं मला खातील."

अण्णा आले, बसले, वाचायला लागले. राम लक्ष्मणाचं डोकं मांडीवर घेऊन रडतो ती ओवी आली, आन अण्णा अर्थासाठी थांबले. तात्यांनी उपरणं तोंडाला लावलेलं, खांदे हलत होते.

"सांगा की तात्या!" लंकाबाई म्हणली.

"ह्या ओवीचा अर्थ नाय," अण्णा म्हणले. "नुसती ऐका." आन एक हात तात्यांच्या गुडघ्यावर ठेवून वाचत सुटले, ते लक्ष्मण उठून बसेपर्यंत थांबलेच नाय.