गार पाण्याचा रकाना

"बसू दे त्याला."

काचेची बाटली खिडकीच्या उजेडात धरून, मान किंचित तिरकी करून दादा हे म्हणायचे. बाटलीत पाणी आणि सॉल्व्हंट, म्हणजे रसायनं विरघळवायचा द्रव, यांचे दोन थर होत असायचे. मधली रेघ स्वच्छ दिसेपर्यंत ते नमुना काढत नसत. मी रिपोर्टसाठी दारात उभी असले, की माझ्याकडे न बघताच म्हणत, "तुमी पन बसा, ताई."

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर आपल्या घाईची आपल्यालाच लाज वाटते. आमच्या तळोज्याच्या कंपनीत ते दादा होते. मी तिथे कागदपत्रं सांभाळते. सकाळी पनवेलहून बसमध्ये बसले की दिवसाची यादी करते आणि संध्याकाळी त्यातलं सगळं खोडलेलं असतं. कुठल्याही तक्त्यात रिकामी चौकट मला बघवत नाही.

दादा उरणकडच्या एका गावातले, मिठागरवाल्यांच्या घरातले. लहानपणी वडील त्यांच्या जिभेवर खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवून विचारायचे, अजून किती दिवस? पोरगं सांगायचं, दोन. आणि दोनच दिवसांनी मीठ धरायचं. "हितं जीभ लावायची नाय, एवढाच फरक," असं ते लॅबबद्दल सांगत. कुठलं रसायन पाण्यात किती विरघळतं, गार पाण्यात किती आणि गरम पाण्यात किती, हे मोजून रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम.

मग कंपनीने जुनं घातक सॉल्व्हंट बंद करायचं ठरवलं. नवं असं हवं होतं, की शेवटी माल थंड पाण्याने धुताना ते पाण्याबरोबर जाणार नाही; वेगळं काढून पुन्हा वापरता येईल. शेकडो द्रव मोजत बसायला वेळ नव्हता. म्हणून खारघरहून एक हुशार मुलगी आली. ती कॉम्प्युटरवर मॉडेल बनवायची. रेणूची रचना सांगितली, की तो पाण्यात किती विरघळेल याचा अंदाज मॉडेल द्यायचं. पण त्याला आधी शिकवायला खरी मोजमापं लागत, आणि ती दादांच्या रजिस्टरांत होती.

दोन महिने मी आकडे कॉम्प्युटरमध्ये भरत होते आणि दादा शेजारी बसून स्वतःचं अक्षर वाचून दाखवत होते. एकदा त्यांनी त्या मुलीला विचारलं, "याला वास येतो का गं?"

"मॉडेलला? नाही, काका."

"मंग बरा हाय. डोका दुखायचा नाय त्याचा."

मॉडेलने जे सॉल्व्हंट निवडलं, ते दादांनी पूर्वी मोजलेलं निघालं. पण त्यांचा आकडा मॉडेलशी जुळेना. मॉडेल म्हणत होतं, गार पाण्यात कमी विरघळेल. दादांच्या रजिस्टरात गार पाण्यात जास्त होतं आणि गरम पाण्यात कमी.

"काका, एवढं एकच उलटं येतंय."

"उलटा हाय तर उलटा हाय. तीनदा बघितला मी. सामान द्या, परत करतो."

पण लॅबमधली बाटली संपली होती. नवी यायला महिना लागणार होता आणि प्लांटमधल्या चाचणीची तारीख ठरली होती. जुळत नसलेल्या आकड्यांची यादी माझ्याकडे आली. शेवटचा रकाना 'कारण' असा होता आणि या एका ओळीपुढे तो रिकामा होता. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते हे मला स्वयंपाकघरातून ठाऊक. मी लिहिलं, 'गार आणि गरम रकाने उलटे भरले गेले.' आणि माझ्या हाताने दोन्ही आकड्यांची अदलाबदल केली. मला असं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

यादीवर दादांची सही लागायची. ते त्या ओळीवर थांबले.

"ताई, हे तुमी लिवलं?"

"हो दादा. सरळ दिसतंय ना."

"तुमी लिवलं म्हंजे बघूनच लिवलं असनार," असं म्हणून त्यांनी सही केली.

त्यानंतर ते मला सारखं लॅबमध्ये बोलवायला लागले. "ताई, जरा बघा, हा पाच डिग्रीच हाय ना?" दिवसातून तीनदा, चारदा. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, चष्म्याचा नंबर बदला आता." सगळे हसले. तेही हसले. खिडकीशी उभं राहून बाटलीशी बोलणं मात्र कधीतरी बंद झालं होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण रिपोर्ट वेळेवर मिळत होते.

सहा महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी एवढंच बोलले, "काय चुकला असंल तर माफी करा." असं सगळेच म्हणतात. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चाचणी लांबत लांबत पावसाळ्यानंतर झाली. थंड पाण्याने माल धुतला आणि सॉल्व्हंट त्या पाण्याबरोबर निघून गेलं. पाणी टाकीत अडवलं, चाचणी थांबवली. त्या मुलीने नवी बाटली मागवून लॅबमध्ये स्वतः मोजलं आणि ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, काकांचं बरोबर होतं. काही द्रव असे असतात, गार पाण्यातच जास्त विरघळतात. मी त्यांना तेव्हा मोजू द्यायला हवं होतं." तिचे डोळे भरले होते. "त्यांना सांगायला पाहिजे."

"मी सांगते," मी म्हटलं. "तो रकाना मी भरलाय."

'दादांकडे जाणे' असं मी त्याच दिवशी यादीत लिहिलं. पहिल्या रविवारी ऑडिटची तयारी होती. दुसऱ्या रविवारी घरी पाहुणे. तिसऱ्या रविवारी काय होतं, ते आता आठवतही नाही. फोन करता आला असता. पण हे समोर बसूनच सांगायचं, असं मी स्वतःला बजावत होते. खरं म्हणजे फोन करण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं होतं.

चौथ्या रविवारी गेले. ओटीवर त्यांचा फोटो होता. बारावा दोन दिवसांपूर्वीच झाला होता.

वहिनींनी मला बसवलं, पाणी दिलं. "झोपेतच गेले," त्या म्हणाल्या. "पन वरीसभर काय तरी झालता त्यांना. पान्याचा पेला दिला का दोनी हातांत धरायचे नि मना इचारायचे, हा गार हाय का गरम? मी बोलायची, अवो, तुमच्याच हातात हाय! तर बोलायचे, माझ्या हाताचा काय खरा नाय."

मग मी सगळं सांगितलं. मॉडेल, यादी, रकाना, माझं अक्षर. दादा बरोबर होते आणि चूक माझी होती, हे दोनदा सांगितलं.

त्या ऐकत होत्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते चुकायचे नाय, मना ठाव होता," त्या म्हणाल्या. "पन मी सांगून त्यांना पटला नसता, ताई. तुमी सांगाया पायजे होता."