हेल्मेटातल्या चिठ्ठ्या

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मग राग. फुटबॉल विश्वचषकासाठी कतारमध्ये दोहाजवळ स्टेडियमं उभी राहत होती. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी तिथल्या एका मजूर-कॅम्पवर सुरक्षा अधिकारी झालो होतो.

खबर दिली सांगलीकडच्या एका ड्रायव्हरने. "सायेब, युगांडाचे गार्ड दर शुक्रवारी जेवणानंतर मटका खेळत्यात. पैसे गोळा करत्यात अन् हेल्मेटातनं चिठ्ठी काढत्यात."

मटका! माझ्या अंगात पुन्हा वर्दी संचारली. पुढच्या शुक्रवारी मी खोलीचं दार धाडकन उघडून गरजलो, "कोई हिलेगा नहीं!"

कोणी हललंच नाही. उलट एकाने मला खुर्ची दिली. तिथंच मी चपापलो. आयुष्यभर धाडी घातल्या, पण मटकेवाल्याने खुर्ची दिल्याचं आठवत नाही.

रोकड आणि चिठ्ठ्या ताब्यात घेतल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका बाईचं नाव. त्यांच्या म्होरक्याला ऑफिसात बसवून चौकशी सुरू केली. तो कॅम्पातच हिंदी शिकला होता.

"ये औरतें कौन हैं?"

"हमारे गाँव की, साब. धंदा करना चाहती हैं, बैंक लोन नहीं देता. हम देते हैं. जिसका नाम निकला, उसका नंबर."

"और पैसा डूबा तो?"

"बाकी औरतें मिलके भरेंगी. इसलिए कोई डुबाती नहीं."

"सबूत?"

त्याने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक धिप्पाड बाई आणि मागे धडधडणारी पिठाची गिरणी, यांच्याच कर्जातून घेतलेली. माझ्याकडे बोट दाखवून ती खेकसली. गार्ड हसू दाबत म्हणाला, "पूछती है, नया मेंबर है क्या? पैसा भरा?"

माझ्या लेखी तपास तिथंच संपला. आमचे मॅनेजर पुण्याचे. ते ऐकेनात.

"जुगार म्हणून रिपोर्ट लिहा. उद्याच्या विमानाने त्या म्होरक्याला घरी पाठवू. यल्ला, चला, विषय खलास!"

"सर, जुगार नाही. आपल्या भिशीसारखंच आहे."

"परवानगीशिवाय पैसे गोळा करतात ना? मग झालं तर."

"मग अल सद्दला तुमच्या घरी वहिनींच्या भिशीच्या चिठ्ठ्या निघतात, तिथं धाड कधी घालू?"

त्यांनी चहाचा कप टेबलावर आदळला. "हे तुम्हाला महागात पडेल."

"पडू दे. खोटा रिपोर्ट माझ्या हातून होणार नाही."

'जुगार आढळला नाही,' असं लिहून मी सही ठोकली. चिठ्ठ्या आणि रोकड पावती घेऊन परत केली. गार्डची नोकरी वाचली. पुढच्या शुक्रवारी ज्या बाईचं नाव निघालं, तिचं शिलाई मशीन आलं. माझं कॉन्ट्रॅक्ट मात्र पुढे वाढलं नाही.

गरिबाच्या खोलीत चिठ्ठ्या दिसल्या की मी जुगार म्हणत होतो, साहेबाच्या दिवाणखान्यात दिसल्या असत्या तर चहा पिऊन उठलो असतो. खात्यातल्या इतक्या वर्षांत माझी नजर वाकडी झाली होती, आणि हे मला एका गिरणीवालीने खेकसून दाखवलं. नोकरी गेली ती गेली. तो रिपोर्ट आज पुन्हा लिहायला बसवलं, तरी त्यातला एक शब्द बदलणार नाही.