कुमुदचा रेनकोट

मुलांनो, तुमच्या लाडक्या पुस्तकांची मालिका टीव्हीवर येणार, हे काल फोनवर ऐकलं आणि मी थेट सत्तरच्या दशकातल्या मुलुंडला पोचले. तेव्हा आमच्या आवडत्या पुस्तकांतली धाडसी कुमुद टीव्हीवर येणार होती. वाचनालयातल्या प्रतींची मुखपृष्ठं फाटलेली, आतली चित्रं नुसत्या काळ्या रेघांची. त्यामुळे कुमुदचा रेनकोट माझ्या मते पिवळा, तर मैत्रीण शैलाच्या मते लाल. यावरून आमचं बोलणंच बंद झालं.

“रविवारी कळेलच म्हणावं तिला,” शैलाने बहिणीबरोबर निरोप धाडला.

रविवारी शेजारच्या काकूंकडे, फिनेलचा वास येणाऱ्या गार लादीवर, आम्ही दोघी लांब लांब बसलो. टीव्ही आम्ही कधी पाहिलाच नव्हता. काकूंनी टीव्हीचं लाकडी शटर सरकवलं. कुमुद आली. रेनकोट राखाडी!

“काकू, रंग कधी येणार?” शैलाने विचारलं.

“अगं, यात सगळं असंच दिसतं!”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि हसतच सुटलो.

“लालच आहे ना गं?” शैला सरकत माझ्याजवळ येऊन कुजबुजली.

“पिवळा!” मी तिला जागा करून दिली.

तेव्हा थोडी निराशा झाली होती. आता वाटतं, तो टीव्ही रंगीत असता, तर आमच्यातली एक रडत घरी गेली असती.