टायवाले आणि आप्पांचा हौद

मिशनहून परत आलेली आम्ही मंडळी वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. जमायचं कारण प्रार्थना. पण प्रार्थना लवकर आटोपते आणि किस्से सुरू होतात! किस्से म्हणजे घरातल्या कापडी पिशव्या. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि टाकून देववत एकही नाही.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी नगरचा. आमचं घर मॉर्मन. म्हणजे ख्रिस्तीच, पण जरा जास्त नियमवाले! आमच्यात पोरं विशीच्या आसपास दोन वर्षं घर सोडून धर्माच्या सेवेला जातात. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. कायम दोघांनी मिळून राहायचं, कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकट्यानं जायचं नाही. दारू-तंबाखू बंद हे कुणालाही पटतं. पण आम्हाला चहासुद्धा चालत नाही! आणि इतकं करून नावाआधी लावायचं 'एल्डर', म्हणजे वडीलधारा. मला तेव्हा धड मिशीही आली नव्हती.

माझा जोडीदार एल्डर प्रसाद, राजमहेंद्रीकडचा. मातृभाषा तेलुगू, मराठी शिकाऊ, मन मात्र एकदम पक्कं. आम्हाला आधी नांदेड मिळालं, मग लातूर. आणि साल कुठलं म्हणाल, तर ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते!

*

नांदेडात पहिली ओळख झाली शिंपीमामांची. प्रसादची पॅन्ट उसवली होती. मामांनी ती शिवली आणि वर आम्हाला आपल्या घरी घेऊन गेले. मामींनी चहाचं आधण ठेवलं.

"मामी, आम्ही चहा घेत नाही."

मामी थबकल्या. "शुगर हाय का?"

"नाही."

"मग पित्त?"

मी नीट समजावून सांगणार, तेवढ्यात प्रसादनं त्याची नवी मराठी काढली. "मामी, आम्हाला मना आहे. कधीच नाही प्यायचा."

"दोघांना बी?"

"दोघांना."

मामींनी पदर डोळ्याला लावला. "एवढ्या कमी वयात!" आणि चहा उतरवून दोघांना हळद घालून दूध दिलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत आमच्या तब्येतीची चौकशी सुरू! रिक्षावाला विचारायचा, "रिपोर्ट काय आला?" आम्ही धर्माचं कारण सांगितलं की लोक मान हलवायचे आणि आवाज बारीक करून म्हणायचे, "देवावर भरोसा ठेवा." म्हणजे जे आम्ही त्यांना सांगायला आलो होतो, ते तेच आम्हाला सांगत होते.

लातूरला निघायच्या आधी प्रसादनं तीच पॅन्ट सैल करायला नेली. मामांनी टेप लावली, बघितलं आणि आत हाक मारली, "अगं ए, ह्या पोराची कंबर वाढली की! दुधानं गुण आला!"

*

बिलोलीकडच्या एका गावात आमच्यातलं एक कुटुंब राहायचं. त्यांना भेटायला भर उन्हात चाललो होतो. पांढरे शर्ट, टाय, छातीवर पाट्या. वेशीजवळ सरपंच धावतच आले.

"या साहेब, या! आधी विहीर बघून घ्या."

गावात दुष्काळाची पाहणी करायला पथक येणार होतं. गावानं आम्हालाच पथक ठरवलं! मी परोपरीनं सांगितलं, "आम्ही ते नाही हो."

सरपंच डोळे मिचकावून म्हणाले, "खरे साहेब असंच म्हणत असतेत!"

विहीर बघावीच लागली. तळाला भेगा आणि एक चप्पल. प्रसादनं डोळे मिटून तिथंच तेलुगूत प्रार्थना केली. तिकडं तेलुगू कळणारे पुष्कळ. एक म्हातारबाबा म्हणाले, "आतापर्यंत लई साहेब आले, विहिरीसाठी हात जोडणारा हाच पहिला." तेव्हा कुठं आम्ही पथक नाही हे सगळ्यांना पटलं. तरीही त्यांनी चहा विचारला, तो आम्ही घेत नाही म्हटल्यावर जेवायलाच घातलं. ज्वारीची भाकरी आणि तिखट. मी इतकं चवीनं क्वचित जेवलोय.

पुढच्या आठवड्यात खरं पथक आलं. तेही पांढऱ्या शर्टात, छातीवर पाट्या लावून. पुढं काय झालं ते आमच्या त्या कुटुंबानं सांगितलं. गावातलं कुणी जागचं उठलं नाही, चहाचंही विचारलं नाही. सरपंच पारावर बसल्या बसल्या म्हणाले, "जाऊ द्या, हे लोक चहा घेत नसतेत!"

*

उदगीरला दुसरीच तऱ्हा. तिथं 'आपला जिल्हा होणार' ही बातमी दर आठवड्याला ताजी व्हायची. आम्ही देवणीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभे होतो. पानवाल्यानं पाट्या बघितल्या आणि जाहीर केलं, "नव्या जिल्ह्याच्या ऑफिसातले आलेत!"

मग काय! कलेक्टर कचेरी कुठं व्हावी यावर तिथंच सभा भरली. एक शेतकरी गर्दीतून पुढं आला आणि माझा हात धरून म्हणाला, "माझ्या रानात करा साहेब. पेरलेलं उगवत न्हाई, निदान बंगला तरी उगवंल!"

सगळे हसले. तोही हसला. मी खरं काय ते सांगितलं, की आम्ही धर्माची सेवा करणारे, जिल्ह्याचं आम्हाला काही ठाऊक नाही. तो बिलकूल नाराज झाला नाही. "मग जिल्ह्याचं राहू द्या, पावसाचं तेवढं बोला तुमच्या साहेबांशी," म्हणाला, आणि गाडी आल्यावर खिडकीतून आधी स्वतःची टोपी टाकून आमच्यासाठी जागा धरली.

*

आता लातूर. आमची खोली होती आप्पांच्या माडीवर. आप्पा लिंगायत, किराणा दुकानदार, कपाळाला भस्माचे पट्टे आणि जिभेला धार. खोली देताना त्यांनी उलटतपासणी घेतली.

"दारू?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही."

"चहा?"

"तोही नाही."

आप्पा पेटीला टेकून बसले. "मग गप्पा मारायला लोकांच्या दुकानी बसता तरी कशाच्या निमित्तानं?" पण खोली दिली. जाताना बजावलं, "मला तुमच्यात घ्यायला बघू नका."

मी म्हटलं, "नाही आप्पा. तुम्ही विचारलंत तरच सांगू."

"मग मी कधीच विचारणार न्हाई!"

आणि त्या दिवसापासून आप्पांना राहवेना. आम्ही जिन्यातून उतरलो की सुरू. "मी विचारून न्हाई राहिलो हं, नुसतं बोलून राहिलो. तुमच्यात मेल्यावर माणूस घरच्यांना भेटतं म्हणे?" आप्पांची बायको जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. प्रसादनं हळूच सांगितलं, "भेटतं आप्पा." आप्पा तराजू पुसत राहिले. "मी काय विचारलं न्हवतं," म्हणाले.

रोज सकाळी परसात बेलाच्या झाडाजवळ बसून ते पूजा करायचे. गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं, पाण्याचे चार थेंब आणि एक बेलाचं पान. एकदा प्रसादनं विचारलं, "आप्पा, तुम्ही मंदिरात नाही जात?"

"तुम्हाला देवासाठी गावभर हिंडावं लागतं," आप्पा म्हणाले, "माझा हातावरच हाय!"

त्या उन्हाळ्यात बेल वाळत चालला होता. फांदी फांदी शोधून पान काढावं लागायचं. आप्पांनी झाडाला पाणी घालणं बंद केलं होतं. माणसांना पुरत नव्हतं, तिथं झाडाला कुठून?

*

टँकर आला की गल्लीत पळापळ. आम्ही बाह्या सरसावून, टाय खांद्यावर टाकून लोकांच्या घागरी वाहायचो. आम्ही एकट्यानं कुठं जात नाही, हे बायकांनी बरोबर हेरलं होतं. समोरच्या शोभाताई मोठ्यानं सांगायच्या, "टायवाल्यांपैकी एकालाच हाक मारा गं! दुसरा आपोआप येतोय!"

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा उपास असतो. पाणीसुद्धा घ्यायचं नाही. हे ऐकून आप्पांना आमच्या धर्माबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. "दुष्काळाला लई चांगला धर्म हाय तुमचा," ते म्हणाले. "आठवड्याला का धरत न्हाई?"

*

गल्लीच्या टोकाला रूथमावशी राहायच्या. रिटायर्ड नर्स, बाळंतपणात हातखंडा. जन्मानं ख्रिस्तीच, एकट्या, सत्तरीच्या. आमच्या लहानशा सभेला यायला लागल्या, आमचं धर्मपुस्तक वाचलं, महिनोन् महिने प्रश्न विचारले, आणि एक दिवस म्हणाल्या, "मला तुमच्यात बाप्तिस्मा घ्यायचा आहे. आणि तो प्रसादच्याच हातून. माझा नातू असता तर एवढाच असता."

अडचण पाण्याची! आमच्यात बाप्तिस्म्याला डोक्यावर थेंब शिंपडून भागत नाही. पांढरे कपडे घालून अख्ख्या माणसाला पाण्याखाली जावं लागतं. केस नाही, बोट नाही, काही म्हणजे काही वर राहता कामा नये. राहिलं तर पुन्हा. आणि लातुरात तेव्हा प्यायला पाणी नव्हतं. पाऊस लवकरात लवकर जूनमध्ये. प्रसादची दोन वर्षं मेअखेरीस संपत होती.

मी टँकर विकत घ्यायचं सुचवलं. मावशी कडाडल्या, "लोकांच्या तोंडचं पाणी काढून मला देवाकडं जायचं नाही! राहील बाप्तिस्मा." त्या घरी गेल्या आणि दार लावून घेतलं. प्रसाद त्या दिवशी जेवला नाही. मी म्हटलं, अरे पहिला रविवार नाही आज. तर म्हणाला, "त्यांनी एवढंच मागितलं होतं रे."

सकाळी जिन्याखाली आप्पा उभे. "मी विचारून न्हाई राहिलो. पण किती पाणी लागतं त्याला?"

मी सांगितलं, एक माणूस आडवं बुडेल इतकं.

"माझा परसातला हौद वाळून पडलाय. त्यात बसंल म्हातारी."

"पण आप्पा, पाणी?"

आप्पांनी समोर बघून हाक मारली, "शोभा!" शोभाताईंना आधीच सगळं माहीत होतं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्या लेकरांची पहिली आंघोळ मावशीच्या हातची. तिच्या आंघोळीला आमचं पाणी न्हाई होय? आणि पाणी काय संपतंय का? टँकरच्या दिवशी घागरी ओतू, तिचं झालं की भरून न्यायच्या. धुण्या-भांड्याला चालतंय!"

मावशी तरी ऐकेनात. मग आप्पा स्वतः त्यांच्या दारात गेले. "माझी तिन्ही पोरं तुम्ही न्हाऊ घातली, सिस्टर. मी तवा न्हाई म्हणालो होतो का?"

मावशींनी दार उघडलं.

टँकरच्या संध्याकाळी परसात अख्खी गल्ली. एकेक घागर हौदात रिकामी होत होती आणि रिकाम्या घागरी भिंतीशी रांगेनं उभ्या राहत होत्या. मावशी नर्सच्या जुन्या पांढऱ्या साडीत आल्या. प्रसादनं त्यांना हात धरून आत उतरवलं, नाव घेऊन छोटी प्रार्थना म्हटली आणि मागं झुकवलं. नियमाप्रमाणं दोघं साक्षीदार लागतात. एक मी, दुसरे आमच्या सभेतले एक काका. आम्ही तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला,

"गुडघा! गुडघा वर हाय!"

आप्पा!

मावशींचा गुडघा आखडलेला. पुन्हा प्रार्थना, पुन्हा डुबकी. या वेळी गुडघा गेला आणि पायाचा अंगठा वर आला. गल्ली एका सुरात ओरडली, "अंगठा!" मावशी पाणी पुसत हसायला लागल्या. प्रसाद रडकुंडीला आला होता.

"घाबरून नको राहू," आप्पा म्हणाले. "पाणी कुठं पळून चाललंय? घे अजून एकदा!"

तिसऱ्यांदा मावशी पुऱ्या गेल्या. वरती फक्त पाणी. मग मावशी वर आल्या, प्रसादच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि शोभाताईंनी स्वतःच्या पदरानं त्यांचे केस पुसले. आजही हे सांगताना मला देवाचे आभार मानावेसे वाटतात, आणि त्या गल्लीचेही. त्यानंतर बायका घागरी भरून घेऊन गेल्या. हौद पुन्हा कोरडा झाला.

सकाळी मी आणि प्रसाद खाली उतरलो. परसात आप्पा अनवाणी उभे होते. भस्म लावलेलं, पूजा अजून व्हायची होती. त्यांच्या वाट्याची घागर तशीच भरलेली होती. धुण्याला नेली नव्हती, भांड्यांना नेली नव्हती. डोळे मिटून, ओठ हलवत ते ती बेलाच्या बुंध्याशी ओतत होते. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

मी म्हटलं, "आप्पा, हे कालचंच पाणी ना?"

आप्पांनी डोळे उघडले.

"मी तुम्हाला कधी काय विचारलं का?" म्हणाले. "मग तुम्ही बी विचारू नका!"