दानम्माची खुर्ची

गुरुशांतला कामचुकार म्हणणारे शुक्रवार पेठेत ढिगाने मिळतील. त्यांनी त्याला काम करताना कधी पाहिलेलं नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तिथे हा मागात तेल घालायला उठतो, तेलाचा डबा शोधताना पंखा दुरुस्तीला घेतो, आणि संध्याकाळी पंखा अन् माग दोन्ही उघडे पडलेले असतात. चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं, लक्ष एका कामावर टिकत नाही, याला एडीएचडी म्हणतात. नातेवाइकांनी लगेच उपचार सुरू केले, म्हणजे सल्ले. मोबाइलवर गजर लाव, हा त्यातलाच एक. आता गजर झाला की कामगार चहाला जातात.

त्यात भाचीचं लग्न ठरलं. आहेराचे सगळे टॉवेल माझ्याकडून, असं हा भर बैठकीत बोलून बसला. टॉवेल विणूनही झाले. पण कापणं, शिवणं, घड्या घालणं राहिलं, आणि लग्न परवावर आलं. टॉवेलच्या कारखानदाराच्या भाचीला बाजारातून टॉवेल आणावे लागले असते, तर बहिणीने याचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. हे त्यालाही ठाऊक होतं. तरी सकाळपासून तो त्या ढिगासमोर नुसता बसून होता. हात कशालाच लागेना.

त्याची बायको दानम्मा मेथीची जुडी घेऊन आली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

"आधी काय करायचं हाय?"

"कापायचं."

"मग तेवढंच करा. म्होरचं मी विचारते."

त्याचा फोन तिने पिशवीत टाकला. तो उठला की ती "कुटं?" एवढंच विचारी, आणि हा परत खाली बसे. मेथी निवडून झाली, मग लसूण, मग शेंगा. टॉवेल वेळेत मांडवात पोचले.

तिथे थोरले काका ईश्वरप्पा चारचौघांत म्हणाले, "मनावर घेतलं की होतंय बघ. इतके दिस नुसता आळस हुता."

दानम्माचं डोकंच फिरलं, पण तिने आवाज चढवला नाही. "काका, उद्या तुमी या की कारखान्यात. मी बसले हुते तसं नुसतं खुर्चीवर बसायचं. बोलायचं न्हाय."

काका आले, खांद्यावर आहेराचा नवा टॉवेल टाकून. बसल्या बसल्या दोन फोन केले, विणकराला माग चालवायला शिकवलं, आणि चहाला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. टॉवेल खुर्चीवरच विसरले.

दानम्मा आत आली. "आता काय करायचं?"

"घडी," म्हणत गुरुशांतने काकांचा टॉवेल उचलला.