टाकीवरची भागाबाई

पिंप्राळ्याच्या वाटेवर लखीचंद शेठची बाग होती. बागेत बुरुजासारखा गोल दगडी मनोरा आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी टाकी. अडुसष्ट साली बाग मोडून सोसायटीचे प्लॉट पडले, विहिरीवर मोटर बसली, तरी पाणी त्याच टाकीत चढायचं. आणि टाकी धुवायला भागाबाईच चढायची.

हे काम तिच्याकडे आलं ते शेठच्या घरच्या पडद्यामुळं. आधी तिचा नवरा, चिंधा माळी, टाकी धुवायचा. वरून बागेतल्या शेठच्या बंगल्याचं मागचं अंगण दिसे. एकदा शेठाणी लाडकुंवरबाई उघड्या डोक्यानं केस वाळवत बसलेल्या, आणि वर चिंधा. दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला: टाकीवर पुरुषानं पाय ठेवायचा नाही. भागा चढेल.

पहिल्या वेळी निम्म्या शिडीवर ती दांडा कवटाळून थांबली. खालून शेठचे मुनीमजी हसले. त्या हसण्याच्या रागानंच ती वर पोचली. पाहते तर केळीच्या बागांपलीकडून भुसावळची गाडी चाललेली, आणि ज्यांच्यापुढं मान वर करायची नाही ते सगळे पायाखाली, एवढे एवढेसे. त्या दिवसापासून टाकी तिची झाली. पुढं चिंधा वारला, शेठ बाग विकून बाजारपेठेत राहायला गेले. तिनं शिडी सोडली नाही.

सोसायटीचे चेअरमन अभिमन आबा. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी भटू नावाचा तरणा गडी आणला आणि नळावर जमलेल्या बायकांदेखत भागाबाईला सांगितलं, "बाई, तुम्ही आता रस्ते झाडा. टाकीचं भटू बघेल. बाईमाणसानं वर चढणं बरं दिसत नाही."

"बठ्ठास्ले आजच दिसनं का, आबा?" इतकी वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखतच चढत आली होती.

बायका हसल्या. आबा तांबडे झाले. "काही नियम असतो, बाई."

"नियम व्हताच. माणूसनी चढानं नही. शेठाणीना केस कोणी देखू नही म्हनीसन." तिनं समोरच्या घरांकडं हात केला. नव्या घरांच्या न्हाण्यांना अजून छप्पर नव्हतं. छातीएवढी भिंत आणि वर आभाळ. "आते भटू वर जाई. खाले आम्ही आंग धोतस. शेठाणीना केसले पडदा, अन आम्हनं आंग काय रस्तावर पडेल शे?"

बायकांतल्या बेबाबाईनं घागर खाली ठेवली. "खरंच की! अन आबा, तुमची न्हाणी तर टाकीला अगदी लागून. तुमच्या घरच्या अक्का पण तिथंच न्हातात ना?"

आता हसू आवरणं कुणालाच जमेना. आबांनी घाईघाईनं तोडगा काढला: भटूनं चढण्याआधी हाळी द्यावी, बायकांनी तेवढा वेळ घरात जावं.

"म्हंजे तो वर, अन आम्ही बठ्ठ्या दडीसन बसानं?" भागाबाईनं कासोटा घट्ट खोचला, काथ्या आणि दोराची बादली उचलली. "नही."

"चढाल तर कामावरून काढीन!"

"काढा."

ती चढू लागली. मागं वळून पाहिलं नाही. आबांनी भटूला डोळ्यानं खुणावलं, पण बायका शिडीच्या बुडाशी घागरी मांडून उभ्या राहिल्या होत्या. बेबाबाई तर पायरीवरच बसली. थोड्या वेळानं वरून गाळानं भरलेली बादली हेलकावत खाली यायला लागली.

"भटू, दोर धर," टाकीच्या काठावरून आवाज आला, "अन वर देखू नको!"

भटूनं आबांकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं, आणि मान खाली घालून दोर धरला.