बाईंची लाल चिठ्ठी

जुन्या ऑफिसची चार माणसं भेटली की पहिला चहा येईपर्यंत तब्येतीच्या गप्पा होतात आणि दुसऱ्या चहापासून काळबांडे बाई सुरू होतात. आमच्यात एक जण असा आहे की त्याने बाईंना कधी पाहिलेलंही नाही, पण किस्से तोही अगदी रंगवून सांगतो!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि मी तिथला एकुलता एक प्रोग्रामर. वर मशीनची एसी खोली, तिथे चपला बाहेर काढूनच शिरायचं. खाली रेकॉर्ड रूम, तिथे काळबांडे बाई. पेशंटच्या हजारो फायली त्यांच्या ताब्यात.

*

एकदा वणीहून एक म्हातारा आला. नऊ वर्षांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालं होतं, पण जवळ कागद एकही नाही आणि बोलणंही धड कळेना. बाईंनी त्याच्या चालीकडे पाहिलं, शिडीवर चढल्या आणि फाईल घेऊनच उतरल्या. ‘तेव्हाही असाच लंगडत आला होता,’ म्हणाल्या.

*

बाई महिनाअखेरीला रिटायर होणार होत्या. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं की बाई जायच्या आत फायली शोधायचं काम मशीनवर चाललं पाहिजे, नाहीतर मशीन परत आणि तूही घरी.

प्रोग्राम झकास चालत होता. मग मला अवदसा आठवली! त्याचे सगळे तुकडे एकाच डिरेक्टरीत पसरले होते, ते मी वेगवेगळ्या सबडिरेक्टरीत लावले, कपाटात कप्पे करतात तसे. मशीन सुरू केलं तर स्क्रीनवर एकच पालुपद, फाईल सापडत नाही. प्रत्येक तुकडा दुसऱ्याला जुन्याच जागी शोधत होता. हातात फक्त चार दिवस होते.

*

हॉस्पिटलच्या ऑफिसातले आमचे घाटे साहेब म्हणजे उपायांचं भांडार. म्हणाले, सगळ्या कप्प्यांत सगळ्यांच्या कॉपी टाकून दे. टाकल्या आणि प्रोग्राम धावला! मग मी वॉर्डांचे नंबर एका कॉपीत बदलले, बाकीच्या जुन्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी लकडगंजचे एक लाकडाचे व्यापारी एका यादीत पुरुषांच्या वॉर्डात आणि दुसऱ्या यादीत बाळंतिणींच्या वॉर्डात!

*

हताश होऊन मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसलो. बाईंना काय कळणार, असं मनात धरूनच त्यांना सगळं सांगितलं. त्या तेव्हा शेल्फात लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी खोचत होत्या. फाईल हलली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची आणि फाईल कुठे गेली ते त्या चिठ्ठीवर लिहायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम.

“काहून गा, तू सामान हलवलं अन् जुन्या जागी चिठ्ठी नाही ठेवली? ते बिचारे येऊन येऊन परत जाऊन राहिले ना!”

मी उठलो तो चपलांसकट एसी खोलीत शिरलो. जास्तीच्या कॉपी पुसल्या आणि प्रत्येक तुकड्याच्या जुन्या जागी त्याच नावाची एक छोटी फाईल ठेवली. आत एकच ओळ, अमुक कप्प्यातून उचल. तासाभरात प्रोग्राम सुरू! या बाईंनी कीबोर्डला कधी बोटही लावलं नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि खाली जाऊन मी पडलोही.

*

शुक्रवारी डॉक्टरांनी विचारलेली प्रत्येक फाईल कुठे आहे ते मशीनने सांगितलं. माझी नोकरी वाचली. संध्याकाळी बाईंना हार-नारळ झाला.

सोमवारी डॉक्टर सवयीने रेकॉर्ड रूमच्या दारातूनच म्हणाले, “बाई, गेल्या पावसाळ्यातला तो साप चावलेला पेशंट...” आणि थांबले. मी त्यांच्या मागेच होतो.

बाईंच्या रिकाम्या खुर्चीवर लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. ठसठशीत अक्षरात लिहिलेली. ‘काळबांडे. बेसा, मारुतीच्या देवळामागचं घर.’

डॉक्टरांनी ती उचलली, वाचली आणि होती तिथेच परत ठेवली.